देवळे, दुकाने आणि पवनारचा सेतू

परदेशाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न विचारण्याची रीत आहे. काय पाहिलेत, हा पहिला. आणि काय आणलेत, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लोक सौजन्याने ऐकून घेतात, दुसऱ्याचे मात्र उत्सुकतेने. वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघे येथून आम्ही पाच माणसे, म्हणजे माझी आई, पत्नी, दोन मुले आणि मी, बँकॉक व सिएम रीप ही दोन शहरे पाहून आलो, तेव्हा हेच दोन प्रश्न आमच्याही वाट्यास आले. सकाळी देवळे आणि संध्याकाळी दुकाने, असा आमचा कार्यक्रम होता. देवळे ही पुण्याची बाजू आणि दुकाने ही खर्चाची बाजू, असा जमाखर्च आम्ही निघतानाच मनाशी मांडला होता. परंतु या दोन्ही बाजू एकाच व्यवहाराच्या आहेत, हे तेथे गेल्यावर उमगले. आणि ते उमगले आईच्या रागामुळे.

बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचे मंदिर आहे. त्याला तेथे वाट फ्रा केओ म्हणतात. 'वाट' म्हणजे विहार. मूर्ती नावाचीच पाचूची. ती आहे हिरव्या जेड दगडाची आणि उंचीने अवघी ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तीन ऋतूंची तिची तीन निराळी वस्त्रे आहेत आणि ती बदलण्याचा मान राजाचा आहे. हे ऐकून आईला पंढरपूरच्या पोशाखांची आठवण झाली आणि ती अगदी घरच्यासारखी वावरू लागली. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर १७८ चित्रांत सबंध रामकथा रंगविलेली आहे. थायलंडची, म्हणजे पूर्वीच्या सयामची, ही रामकथा 'रामकियेन' या नावाने ओळखली जाते. अयोध्येवरून नाव घेतलेली त्यांची जुनी राजधानी आयुथ्या १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ मध्ये पहिल्या राम राजाने बँकॉक येथे नवी राजधानी वसविली आणि १७९७ मध्ये आपल्या देखरेखीखाली ही कथा नव्याने लिहवून घेतली. मोडलेले राज्य पुन्हा उभे करावयाचे तर तट आणि वाडे बांधून भागत नाही, रामकथाही पुन्हा सांगावी लागते, अशी त्याची भावना असावी.

आई चित्रामागून चित्र ओळखीत पुढे चालली होती. हा दशानन, ही अशोकवनातील सीता, हा पांढरा शुभ्र मारुती. मुलांना समजावून सांगण्यात तिला मोठी धन्यता वाटत होती. एका चित्रापाशी मात्र ती थबकली. समुद्र होता, अर्धवट बांधलेला सेतू होता, आणि लाटांत मारुतीने एका मत्स्यकन्येला जवळ घेतले होते. आई पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "हा मारुती नव्हे. ब्रह्मचाऱ्याची अशी विटंबना पाहायला का मला इतक्या दूर आणलेस?" ती पायरीवर जाऊन बसली आणि पुढे येण्यास तिने साफ नकार दिला. जन्मभर शनिवार केलेल्या बाईचा तो राग होता. त्याला हसून उडविणे शक्य नव्हते.

मग मी तिच्याजवळ बसून ती कथा सांगितली. सेतू बांधला जात असताना रात्रीतून दगड नाहीसे होऊ लागले. मारुतीने बुडी मारून पाहिले, तो रावणाच्या आज्ञेवरून त्याची कन्या सुवर्णमच्छा आणि तिच्या मासोळ्या ते दगड उचलून नेत आहेत. तिला धरावयास गेलेला मारुती तिच्यावर अनुरक्त झाला. तीही त्याच्यावर अनुरक्त झाली आणि सेतू निर्विघ्न पार पडला. त्यांना पुत्र झाला, मच्छानू. पुढे मैयराप नावाच्या राक्षसाने रामाला पाताळात पळवून नेले, तेव्हा त्याला सोडविण्यासाठी गेलेल्या मारुतीची वाट या मुलानेच अडविली.

आई एकदम म्हणाली, "म्हणजे मकरध्वजच की!"

खरोखरच तो मकरध्वज होता. मैयराप म्हणजे आपला महिरावण. लंकादहनानंतर मारुतीच्या घामाचा थेंब मगरीने गिळला, त्यापासून मकरध्वज झाला आणि तो पाताळाचा द्वारपाल बनला, ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. वाल्मीकीच्या रामायणात मात्र ना मच्छानू आहे, ना मकरध्वज. सयामी कवीने पुत्र ठेवला आणि ब्रह्मचर्य सोडले. आपल्या कथेकऱ्यांनी पुत्रही ठेवला आणि ब्रह्मचर्यही राखले. दोघांनीही मूळ वस्त्र आपापल्या अंगाच्या मापाने बेतून घेतले. आईचा राग पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. पण ती उठली आणि उरलेली चित्रे पाहू लागली. त्या संध्याकाळी एका दुकानाच्या दारावर सुवर्णमच्छेचे चित्र टांगलेले दिसले. व्यापाऱ्यांना ती शुभदायक वाटते. आईने ते ओळखले, परंतु काही बोलली नाही.

या ठिकाणी आपल्या एका जुन्या सवयीचा विचार करावासा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी आपल्या विद्वानांनी जावा, सयाम, कंबोज या देशांना 'बृहत्तर भारत' असे नाव दिले. १९२६ साली कलकत्त्यास त्याच नावाची एक संस्थाही निघाली. पारतंत्र्यात पिचलेल्या मनाला त्या नावाने उभारी दिली, हे खरे. तथापि त्या नावात एक गृहीत दडलेले होते, की देणारे आम्ही आणि घेणारे ते. आजचे संशोधन निराळे सांगते. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून कापड गेले, त्याच वाटेने ब्राह्मण, भिक्षू आणि कथाही गेल्या; पण काय घ्यावयाचे, किती घ्यावयाचे आणि त्याचे काय करावयाचे, हे तेथील राजांनी व लोकांनी ठरविले. बाजारात गिऱ्हाईक हे याचक नसते, निवड करणारे असते. हे एवढे एक ध्यानात आले की तेथील देवळे निराळी दिसू लागतात.

याचा पुरावा आम्हांस कंबोडियात मिळाला, आणि तो निघाला आमच्याच घराजवळचा. वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर, आठ-दहा किलोमीटरांवर, धाम नदीच्या काठी पवनार आहे. विनोबांचा आश्रम म्हणून ते सर्वांस ठाऊक आहे. विनोबा १९३८ साली तेथे राहावयास आले, आणि जमीन खणताना प्राचीन शिल्पे वर आली; त्यांतले एक त्यांनी भरत-रामाच्या भेटीचे म्हणून ओळखले. महामहोपाध्याय मिराशी यांनी ही शिल्पे पाचव्या शतकातील वाकाटकांच्या काळची ठरविली आणि पवनार म्हणजेच दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे मत मांडले. काही संशोधक हा मान रामटेकजवळच्या मनसरला देतात, आणि काही शिल्पे रामकथेची नसून कृष्णकथेची मानतात. ते काही असो. याच प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातील पंधरा आश्वासांचे काव्य आहे, आणि त्याचा विषय आहे समुद्रावर सेतू बांधून केलेली लंकेवरील स्वारी.

आता कंबोडियाकडे वळू. सिएम रीप शहराजवळच अंकोरचे अवशेष आहेत. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेले अंकोर वाट हे मूळचे विष्णुमंदिर; तेथील समुद्रमंथनाचा शिल्पपट एकोणपन्नास मीटर लांब आहे. पुढे हे मंदिर बौद्ध झाले आणि आजही तेथे पिवळ्या वस्त्रांचे भिक्षू दिसतात. त्याच्याही आधी, ८८९ मध्ये गादीवर आलेल्या यशोवर्म्याने याच परिसरात आपली राजधानी वसविली. त्याच्या एका संस्कृत शिलालेखात प्रवरसेनाचा आणि त्याच्या सेतूचा स्पष्ट उल्लेख आहे. विदर्भातील राजाचे काव्य साडेचार शतकांनंतर अंकोरच्या दरबारात माहीत होते! हे कळताच माझी छाती अभिमानाने फुगली, हे मी कबूल करतो. परंतु त्या लेखाचा आशय ऐका. 'प्राकृत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक त्या भाषेचे नाव आणि दुसरा सामान्य, साधारण. प्रवरसेनाचा सेतू तर प्राकृत होता. आमच्या राजाने धर्माचा सेतू बांधला, म्हणून त्याने प्रवरसेनालाही जिंकले, असा श्लेष त्या कंबोज कवीने साधला आहे. म्हणजे आपलेच काव्य वाचून, आपल्याच व्याकरणाने, त्याने आपल्यावर मात केली. याला शिष्यत्व म्हणता येत नाही; ही बरोबरीच्या माणसाची थट्टा आहे.

जे काव्याचे, तेच कापडाचे. बँकॉकमध्ये पाहुरात नावाचा कापडबाजार आहे. तेथील पुष्कळ दुकाने शीख व्यापाऱ्यांची आहेत आणि जवळच त्यांचा गुरुद्वारा आहे. हिंदीत घासाघीस करता येते, म्हणून पत्नीला तो बाजार विशेष मानवला. परंतु हा संबंध फार जुना आहे. आयुथ्येच्या काळी सयामचा दरबार आपल्या चोलमंडल किनाऱ्यावरून छापील आणि रंगविलेले सुती कापड मागवीत असे. गंमत अशी की नक्षी मात्र सयामहून येई. हात जोडलेल्या देवता, ज्वालांसारख्या वेली, असा सयामी आराखडा इकडे पाठवीत आणि आपले कारागीर त्याबरहुकूम कापड तयार करीत. त्या कापडाचे सयामी नावच 'आराखड्याप्रमाणे नक्षी केलेले कापड' अशा अर्थाचे आहे. सूत आपले, हात आपले, रंग आपले; आवड मात्र त्यांची. रामकियेनची गोष्ट याहून वेगळी नाही.

म्हणून त्या देवळांत आपण मालक म्हणून न शिरता पाहुणे म्हणून शिरावे. खांदे आणि गुडघे झाकलेली वस्त्रे असावीत; बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये; स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळे विरळाच. बँकॉकच्या अत्यंत गजबजलेल्या चौकात, मोठमोठ्या दुकानांच्या मधोमध, १९५६ साली स्थापिलेल्या ब्रह्मदेवापुढे लोक दिवसभर फुले आणि उदबत्त्या वाहत असतात. "हा तर आपला देव," असे मुलगा मोठ्याने म्हणाला. मी त्याला एवढेच म्हटले, की पूजा कोण करीत आहे ते पाहा.

बाजारातही हाच विवेक उपयोगी पडतो. राजवाड्याबाहेर एक सभ्य दिसणारे गृहस्थ भेटले. आज मंदिर बंद आहे, असे सांगून त्यांनी आम्हांस रिक्षात बसविले आणि रिक्षा थेट रत्नांच्या दुकानी नेली. माणके घेऊन गावी दुप्पट भावाने विका, असा उपदेश झाला. मंदिर उघडेच होते. आमची अर्धी सकाळ मात्र गेली. रेशीम घेताना सरकारी मोराचे चिन्ह पाहावे: सोनेरी, रुपेरी, निळा आणि हिरवा असे चार मोर आहेत, आणि हिरवा मोर असेल तर रेशमात इतर धागा मिसळलेला आहे असे समजावे. शनिवार-रविवारी भरणाऱ्या चतुचक बाजारात सकाळी लौकर जावे. उन्हे चढल्यावर म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

एक गोष्ट मात्र आम्ही आणली नाही. आमच्या शेजारी बौद्ध कुटुंब आहे. त्यांनी बुद्धमूर्ती आणावयास सांगितली होती. बाजारात बुद्धाची नुसती मस्तके, दिव्यांच्या बैठकी आणि शोभेच्या वस्तू ढिगाने होत्या. बुद्ध ही शोभेची वस्तू नाही, असे सांगणारे फलकही शहरात होते. मूर्ती देशाबाहेर नेण्यास तेथील ललितकला खात्याचा परवाना लागतो. दुकानदार म्हणाला, "काही लागत नाही." पण ज्या मूर्तीपुढे शेजारच्या आजी रोज दिवा लावणार, ती चोरून आणावी हे आईला पटले नाही. परवान्यास वेळ नव्हता. आम्ही रिकाम्या हाताने परतलो आणि आजींना कारण सांगितले. त्या म्हणाल्या, "बरे केलेत." जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, त्या ललितकला खात्याचे चिन्ह गणपती आहे. बुद्धाच्या प्रवासाला गणपतीची मोहोर लागते, ही व्यवस्था त्या लोकांनी आपल्या बुद्धीने बसविली आहे.

परतल्यानंतरच्या रविवारी आई म्हणाली, मुलांना पवनारला ने. इतकी वर्षे जवळ राहून त्यांनी ती शिल्पे पाहिली नव्हती. आम्ही गेलो. झिजलेल्या दगडांपुढे उभे राहून मुलगी सेतू शोधू लागली, आणि मासोळ्या कोठे आहेत असे तिने विचारले. आईने तिला मकरध्वजाची कथा सांगितली. आणि ती संपल्यावर, थोडे थांबून, सुवर्णमच्छेचीही सांगितली.

आपण या प्रवासास निघणार असाल, तर निघण्यापूर्वी आपल्या गावाजवळचे एखादे जुने देऊळ मुलांना नीट दाखवून घ्या. आम्ही ते परतल्यावर केले. आधी केले असते तर त्या ओवरीत आईला पायरीवर बसावे लागले नसते.