शांघायमधला संसार : लेखांक ४
नाव एकच, लिहिण्याच्या तऱ्हा तीन

मागच्या भागात आपण घर भाड्याने घेण्यापर्यंत आलो होतो. एका महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं आगाऊ भाडं, हा इथला रिवाज. ते भरलं, किल्ली हातात आली, की खरी धावपळ सुरू होते. पत्त्याची नोंद, मोबाइल नंबर आणि बँकेचं खातं या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या की शांघायइतकं सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. त्या जुळेपर्यंत मात्र साध्या साध्या कामांसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

पहिलं काम पोलीस चौकीतलं. परदेशी नागरिकांच्या ये-जा आणि वास्तव्याचा सध्याचा कायदा चीनमध्ये १ जुलै २०१३ पासून लागू आहे. हॉटेलात उतरलात तर तुमची नोंद हॉटेलच करतं. घरात राहायला गेलात तर ती २४ तासांच्या आत तुम्ही किंवा घरमालकाने करायची. राहून गेली तर समज मिळते, शिवाय २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. चौकीचं नाव काढलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण इथे हे खिडकीवरचं साधं काम आहे. पासपोर्ट, भाडेकरार आणि मालकाच्या कागदांच्या प्रती दिल्या की नोंदीचा कागद मिळतो. शांघायमध्ये ही नोंद ऑनलाइनही होते. तो कागद जपून ठेवा, निवास परवान्याच्या अर्जाला तो लागतोच. आणि नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना हा अर्ज देशात आल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो.

काही घरमालक या नोंदीला नाखूश असतात. भाड्याचं उत्पन्न उघड होऊन कर भरावा लागेल, ही त्यांची धास्ती. म्हणून अनामत देण्याआधीच स्पष्ट विचारा. टाळाटाळ दिसली, तर घर कितीही मनात भरलेलं असो, सोडून द्या.

दुसरं काम मोबाइलचं. परवान्याचा अर्ज केला की पासपोर्ट तिथे जमा होतो आणि हातात पावती उरते. पावतीवर सगळीच कामं होत नाहीत, म्हणून सिम त्याआधी घ्या. १ डिसेंबर २०१९ पासून दुकानात नवीन सिम घेताना चेहऱ्याची पडताळणी होते, त्यामुळे मित्राला पाठवून भागत नाही. हा नंबर म्हणजे नुसता बोलण्याचा फोन नव्हे. बँक, दवाखान्याची वेळ, पार्सल, विजेचं बिल या सगळ्याचे कोड त्यावरच येतात. तो बदलण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

तिसरं काम बँकेचं, आणि आपल्या लोकांची गाडी अडते ती इथेच. वीचॅट किंवा अलीपे या पेमेंट अ‍ॅपला बँकेचं कार्ड जोडताना चार गोष्टी ताडून पाहिल्या जातात : नाव, ओळखपत्राचा नंबर, कार्डाचा नंबर आणि बँकेत दिलेला मोबाइल. चिनी नागरिकाचा ओळख क्रमांक १८ अंकी असतो. पहिले सहा अंक प्रदेशाचे, पुढचे आठ जन्मतारखेचे, मग तीन अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा. तो जन्मभर बदलत नाही, आणि चिनी नावंही बहुधा दोन-तीन अक्षरांत आटोपतात. सगळी यंत्रणा या मापाने बेतलेली आहे.

आता महाराष्ट्रातला पासपोर्ट घ्या. आडनाव एका रकान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात. बँकेतला कारकून आडनाव आधी टाकतो. सिमच्या दुकानातला मुलगा ते शेवटी टाकतो. तिसरा कुणी मधल्या जागा गाळून सगळं सलग लिहितो. माणूस तोच, पण यंत्राच्या लेखी ती तीन माणसं. मग कार्ड जोडलं जात नाही आणि कारणही धड कळत नाही. उपाय सोपा आहे. बँकेत सही करण्यापूर्वी स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा, नाव कोणत्या क्रमाने आणि कुठे जागा सोडून लिहिलंय ते पाहा, त्याचा कागद मागून घ्या आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तोच दाखवा. काउंटरवरची माणसं बहुतेक वेळा मनापासून मदत करतात, घाई तेवढी करू नका.

२०२३ च्या जुलैपासून या दोन्ही अ‍ॅपना परदेशातली कार्डं जोडणं सोपं झालं आहे, पण २०० युआनच्या वरच्या खर्चावर ३ टक्के शुल्क पडतं. पाहुण्याचं त्यात भागेल; ज्याचा पगारच युआनमध्ये होतो, त्याने इथलं खातं काढावं.

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे सोबत आलेल्यांसाठी हे मी कळकळीने लिहिते आहे. त्यांना आश्रिताचा निवास परवाना मिळतो, त्यावर नोकरी करता येत नाही. म्हणून सिम आणि खातं एकाच्याच नावावर ठेवण्याची चाल पडते, आणि घरी असलेली बाई कोथिंबिरीच्या जुडीसाठीही नवऱ्याच्या फोनवर अवलंबून राहते. रोख रक्कम नाकारणं बेकायदा आहे खरं, पण सुट्टे पैसे बाळगणारे विक्रेते कमी झालेत. पहिल्याच महिन्यात दोघांच्या नावे वेगळं सिम आणि वेगळं खातं काढा. तिच्या या शहरातल्या स्वातंत्र्याची सुरुवात तिथून होते.

शेवटची सूचना पासपोर्टच्या नूतनीकरणाची. भारतीय पासपोर्ट नवा झाला की नंबर बदलतो, म्हणजे निवास परवाना, पत्त्याची नोंद, बँक, सिम आणि पेमेंट अ‍ॅप ही सगळी साखळी पुन्हा जुळवावी लागते. कायम निवासाचं कार्ड मिळालेल्यांची यातून बरीचशी सुटका होते : १ डिसेंबर २०२३ पासून दिल्या जाणाऱ्या नव्या कार्डावर चिनी नागरिकांसारखाच १८ अंकी क्रमांक असतो. बाकीच्यांनी जुना पासपोर्ट टाकून न देता नव्यासोबत जोडून ठेवावा आणि बँकेत जाताना दोन्ही न्यावेत.

पुढच्या आठवड्यात दवाखाना : नाव नोंदवण्यापासून औषधाच्या खिडकीपर्यंत. तोवर तुमच्या पासपोर्टवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकदा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासून पाहा.