शौचातून रक्त म्हणजे दरवेळी मूळव्याध नाही. आतड्याची सूज सोनोग्राफीतही दिसते

दर्यापूर : पोट बिघडलं की आपल्या खारपाणपट्ट्यात पहिलं नाव पाण्याचं निघते. शौचातून रक्त पडलं तर मूळव्याध म्हणून गावातलंच औषध सुरू होते. बऱ्याचदा असतेही मूळव्याध. पण महिना-दीड महिना जुलाब थांबत नसतील, आव-रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठावं लागत असेल, तर आतड्याला कायमची सूज असू शकते. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो, क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

रोग पक्का करायला दुर्बिणीची तपासणी लागतेच, आतून घेतलेला तुकडाही तपासतात. त्यासाठी अमरावती, अकोला नाहीतर नागपूर गाठावं लागते. पण आजार वर्षानुवर्षे चालणारा. औषध लागू पडलं का, हे पाहायला दरवेळी पोट साफ करून दुर्बीण घालणं, अन् तेही सोंगणीच्या दिवसांत, कोणाला जमते?

इथं सोनोग्राफी कामी येते. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गरोदर बाई अन् १९९४ च्या कायद्याची ती भिंतीवरची पाटीच आठवते. पण त्याच मशीननं आतडंही दिसते. आतड्याची भिंत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत जाड असते. सूज आली की ती वाढते, डॉप्लर लावल्यावर तिथं रक्तप्रवाह जास्त दिसते. औषधानं भिंत पुन्हा बारीक होत गेली, तर इलाज लागू पडत आहे असं डॉक्टर समजतात. भूल नाही, एक्स-रेचे किरण नाहीत, गरोदरपणातही करता येते.

मात्र पोटात गॅस असला किंवा अंगानं जाड माणूस असला की चित्र धूसर येते. गुदाशय खोल असल्यानं नीट दिसत नाही. नुसत्या 'पोटाच्या सोनोग्राफी'त आतड्याकडं बारकाईनं पाहिलं जाईलच असं नाही, म्हणून आतड्याची भिंत पाहायची आहे, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. आतड्याचा टीबी अन् क्रोन्स सोनोग्राफीत सारखेच दिसू शकतात. टीबी असताना स्टेरॉइड सुरू झालं तर रोग भडकतो. त्यामुळे नुसत्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर कोणी गोळ्या देत असेल तर आधी टीबीची तपासणी झाली का ते विचारा, अन् जुने सगळे कागद पिशवीत घेऊनच जा.