निवड चाचणीच्या तक्त्यातला दुसरा रकाना



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. निवड चाचणीची यादी फलकावर लागली होती. सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, यादीत माझं नाव नाही. म्हणजे मला खेळ जमत नाही ना?" मी घाईत होतो. "पुढच्या वर्षी बघू रे," म्हणालो आणि वर्गावर गेलो. पुढच्या वर्षी तो मैदानावर आलाच नाही. दहावीत गेला तेव्हा तो माझ्यापेक्षा उंच झाला होता. चाचणी चुकली असं मी म्हणत नाही, पण माझं उत्तर नक्कीच चुकलं. म्हणून आजचा हा लेख.

चाचणी काय मोजते?

पुण्यातल्या शाळांमध्ये आपण घेतो त्या चाचण्या आठवा. उंची, वजन, 30 मीटर धाव, शटल रन, 800 मीटर धाव, उभ्याने लांब उडी, लवचिकता. चाचण्या चांगल्याच आहेत, पण त्या मोजतात आजचं शरीर. वयोगटाची तारीख 1 जानेवारी धरली, तर जानेवारीत आणि डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं एकाच गटात येतात. त्यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असतो. बाराव्या वर्षी हा फरक फार मोठा! शिवाय कुणाची उंची बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, कुणाची पंधराव्या. मग लवकर वाढलेलं मूल 'हुशार' ठरतं आणि उशिरा वाढणारं 'कच्चं'.

बेसबॉलवाले काय करतात?

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल संघ दरवर्षी शाळा-कॉलेजातली मुलं निवडतात. याला ड्राफ्ट म्हणतात. तो 1965 पासून सुरू आहे. आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही. संघ पाळीपाळीने एकेका खेळाडूचं नाव घेतात. त्याआधी स्काऊट गावोगाव फिरून मुलांचा खेळ बघतात. (आपल्या शाळेतला स्काऊट-गाइड वेगळा. हा स्काऊट म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस.) फलंदाजी, ताकद, धावणं, फेक आणि क्षेत्ररक्षण या पाच गोष्टींना तो 20 ते 80 मध्ये गुण देतो. 50 म्हणजे सर्वोच्च लीगमधला सर्वसाधारण खेळाडू.

यातली एक पद्धत मला फार आवडली. प्रत्येक गोष्टीसाठी दोन रकाने असतात, एक आजच्या गुणांचा आणि दुसरा पुढे हे मूल कुठपर्यंत जाईल याचा. सतरा वर्षांच्या मुलाला आज 30 आणि पुढे 60 असे गुण मिळू शकतात. आपल्या तक्त्यात हा दुसरा रकानाच नसतो.

अर्थात, तेही चुकतात. 1991 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला ब्रायन टेलर खांद्याच्या दुखापतीनंतर सर्वोच्च लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. उलट माइक पियाझाला 1988 मध्ये 62व्या फेरीत घेतलं. तो 2016 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. एवढा पैसा आणि एवढी माणसं लावूनही अंदाज चुकतात, मग आपण एका सकाळच्या चाचणीवरून मुलाला 'जमत नाही' कसं म्हणायचं?

आपल्याकडचे दोघे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला वडिलांनी 2009 मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. तिथे सुरुवातीच्या तयारीनंतर त्याने नेमबाजी निवडली. पुढे त्याचा सराव पुण्यात बालेवाडीला झाला. 2024 मध्ये पॅरिसला त्याने ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं. म्हणजे मधे पंधरा वर्षं गेली! आणि नेमबाजाचा स्थिर हात, शांत डोकं 30 मीटर धावण्यात कुठे दिसणार?

दुसरा बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. 2015 मध्ये, वयाच्या विशीत, तो सैन्याच्या क्रॉसकंट्री स्पर्धेत उतरला आणि नंतर स्टीपलचेसकडे वळला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवलं.

दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं?

स्काऊट मुलाला मोजक्याच वेळा बघतो. आपण वर्षभर बघतो. म्हणून एक साधी वही करा आणि यादीत नसलेल्या मुलांसाठीही लिहा.

1. जन्माचा महिना आणि दर तीन महिन्यांनी उंची. उंची झपाट्याने वाढताना काही मुलं थोडे दिवस अडखळतात. तेव्हा रागावू नका.
2. किती दिवसांपासून खेळतोय? दोन वर्षं क्लास लावलेलं मूल आणि कालपासून खेळणारं मूल यांची तुलना नको.
3. नवीन गोष्ट दाखवल्यावर किती लवकर उचलतो?
4. हरल्यावर दुसऱ्या दिवशी येतो का?
5. कोणते खेळ आवडीने खेळतो? एकाच खेळाला लवकर जुंपू नका.

पालकांनाही एक विनंती. नाव आलं नाही तर "जाऊ दे, आता अभ्यासाला लाग" म्हणून बूट माळ्यावर टाकू नका. नाव आलं तरी पेढे वाटताना 'आता झालंच' असं समजू नका.

आणि एखादं मूल येऊन विचारेल, "सर, मला जमत नाही ना?" तेव्हा वही उघडा, दुसरा रकाना दाखवा आणि म्हणा, "आज एवढं झालं. उद्या सकाळी सात वाजता मैदानावर ये."