गॅरेजचं बिल आणि अडवलेला ट्रक

बोरघाट चढताना ट्रकची क्लच प्लेट जळाली, की लोणावळा-कामशेतचं गॅरेज गाठावं लागतं. खर्चाचा आकडा तोंडीच ठरतो. बिल फुगलं की वाद पेटतो.

गॅरेजवाल्याला गाडी अडवता येते का? येते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० तो हक्क देतं. पण केलेल्या त्याच कामाच्या मजुरीपुरता. वेगळा करार नसेल, तर मागच्या उधारीसाठी ट्रक डांबता येत नाही.

स्वतः ट्रक चालवून पोट भरणारा मालक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ‘ग्राहक’ ठरू शकतो. त्याला पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि ही सोय न्याय्यच आहे. ताफा बाळगणाऱ्याला सहसा दिवाणी न्यायालयच गाठावं लागतं. दोन्हीकडे कामी येतात लेखी अंदाजपत्रक, पक्कं बिल आणि काढलेले जुने पार्ट.