वार्धक्यजन्य शोथ व हृद्‌रोग
उघड जंतुसंसर्ग वा इजा नसताना उतारवयात शरीरात मंद स्वरूपात टिकून राहणाऱ्या शोथास (दाहयुक्त सुजेस) वार्धक्यजन्य शोथ म्हणतात. ही कल्पना इटालियन शास्त्रज्ञ क्लाउद्यो फ्रांचेस्की यांनी २००० मध्ये मांडली. तीव्र शोथ संरक्षक असून कार्य संपताच शमतो. वार्धक्यजन्य शोथ शमत नाही आणि लाली, वेदना ही नेहमीची लक्षणे नसल्याने तो रुग्णास जाणवतही नाही.

विभाजनक्षमता गमावलेल्या काही कोशिका (पेशी) नष्ट न होता इंटरल्यूकीन–६ सारखी शोथकारक प्रथिने स्रवत राहतात; पोटातील वाढलेली चरबीही त्यांत भर घालते. रोहिण्यांच्या (शुद्ध रक्तवाहिन्यांच्या) अंतःस्तरात कोलेस्टेरॉल साचते, ते भक्षिकोशिका गिळतात व विलेप तयार होतो. शोथामुळे विलेपाचे आवरण पातळ होऊन फाटते, तेथे रक्त साखळते व हृद्‌रोहिणी बंद पडल्यास हृदयविकाराचा झटका येतो. विलेप लहान असूनही झटका का येतो, याचा उलगडा यातून होतो.

वयाबरोबर परिसराचाही यात वाटा असतो. मुंबईतील परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत कापूस मोकळा करण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत हवेत धूळ असे. तिच्यातील जंतूंचे अंतर्विष श्वासमार्गात शोथ उत्पन्न करते; सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळणे हे तज्जन्य विकाराचे (बिसिनोसिसचे) विशेष लक्षण होय. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या क्रमाने बंद पडल्या. त्या काळचे तरुण कामगार आज वृद्ध आहेत. तंबाखू, हिरड्यांचे रोग व वाहनांच्या धुरातील सूक्ष्म कण ही शोथाची इतर कारणे मात्र शहरात कायम आहेत.

शोथाचे मापन रक्तातील सी-विक्रियाशील प्रथिनावरून करतात. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत प्रथम आढळले. क्षयासारख्या संसर्गातही ते वाढत असल्याने केवळ त्यावरून हृद्‌रोगाचा धोका ठरविणे योग्य नाही.

पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटरल्यूकीन–१ बीटा रोखणाऱ्या औषधाने कोलेस्टेरॉल न घटताही हृद्‌विकाराच्या घटना कमी झाल्या. तथापि प्राणघातक संसर्ग वाढले व एकूण मृत्युमानात लक्षणीय फरक पडला नाही. शिवडीला क्षयरोगासाठी स्वतंत्र महापालिका रुग्णालय चालवावे लागणाऱ्या मुंबईत, सुप्त क्षयसंसर्ग नाही याची खात्री केल्याविना असे औषध देता येत नाही.