रोज पेलाभर पाणी? थांबा जरा!

साताऱ्यातल्या हॉस्टेलची खिडकी असो की सांगलीतल्या घराची गॅलरी, मनीप्लांट पिवळा पडला की आपण अजून पाणी ओततो. बऱ्याचदा तो तहानलेला नसतोच, गुदमरत असतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. वाळवा, मिरज भागातली कृष्णाकाठची उसाची रानं बघा. अति पाणी आणि निचरा नाही, म्हणून कितीतरी जमीन क्षारपड झाली. कुंडीचं भोक बुजलं की आत पाणी तसंच तुंबतं.

मग पाणी कधी घालायचं? बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर आज सुट्टी! कोरडं असेल तर खालून पाणी येईपर्यंत सावकाश घाला, बशीतलं लगेच ओतून टाका. रोज घोटभर दिलं तर वरचाच थर भिजतो, मुळंही वरवरच राहतात.

आणि हो, रानातली काळी माती तशीच भरू नका. भिजली की चिकट गोळा, वाळली की कडेनं भेग, पाणी त्या भेगेतून थेट बाहेर! कोकोपीट, गांडूळखत मिसळा.

सुट्टीत गावी जाताना रूममेटलाही हे सांगा, नाहीतर तो प्रेमानं रोज बाटली रिकामी करेल.