भिंत उतरवलेली पेशी

जळगावच्या केळीपट्ट्यात ‘टिश्यूची रोपं’ आता रोजच्या बोलण्यातली झाली आहेत. पण कंदाच्या कोंबापासून बाटलीतल्या रोपापर्यंत केळीच्या पेशींची भिंत शाबूत असते. उतीसंवर्धनाची दुसरी एक शाखा ही भिंतच विरघळवते, पेशी उघडी करते आणि तिच्यापासून रोप उभं करू पाहते. अशा उघड्या पेशीला प्रोटोप्लास्ट म्हणतात.

1892 साली क्लेर्कर या संशोधकाने एका पाणवनस्पतीच्या पेशी आकसवून, पात्याने कापून हे साधलं. हाती मोजक्याच पेशी आल्या. 1960 मध्ये नॉटिंगहॅमच्या एडवर्ड कॉकिंगने टोमॅटोच्या मुळांची टोकं बुरशीपासून मिळवलेल्या एन्झाइममध्ये ठेवली आणि मार्ग मोकळा झाला. आज तंबाखूच्या पानाची खालची साल सोलून तुकडे एन्झाइमच्या द्रावणात काही तास ठेवतात. पेक्टिनेज पेशींना जोडणारं पेक्टिन सोडवतं, सेल्युलेज भिंतीचे धागे तोडतं. पानात लांबट असलेली पेशी भिंत जाताच गोल होते. द्रावणात मॅनिटॉल पुरेसं नसेल तर ती पाणी शोषून फुटते.

खरी गंमत पुढे. एन्झाइम धुऊन काढलं की काही तासांतच पेशी भिंत बांधायला घेते. सेल्युलोजचे धागे विणणारी यंत्रणा भिंतीत नसते, आतल्या पटलात असते. म्हणून ती वाचलेली असते. कॅल्कोफ्लोर हा रंग टाकून अतिनील प्रकाशात पाहिलं की नवे धागे निळे चमकतात. (कपडे शुभ्र दिसावेत म्हणून साबणपूडवाले घालतात, त्याच कुळातलं हे रसायन.) धाग्यांच्या भोवती पेक्टिन बसतं. त्याच्या काही साखळ्या कॅल्शियम बांधून ठेवतं, तर एका गुंतागुंतीच्या प्रकारात दोन साखळ्यांमध्ये बोरॉनचा टाका असतो. उती वाढवण्याच्या मुराशिगे आणि स्कूग यांच्या 1962 च्या पोषक माध्यमात लिटरमागे 440 मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि 6.2 मिलिग्रॅम बोरिक आम्ल असतं. बोरॉनची मात्रा एवढीशी, पण तो कमी पडला की वाढीची टोकं आधी बिघडतात.

भिंत म्हणजे नुसतं वेष्टन नव्हे, हे 1978 च्या एका प्रयोगाने फार स्वच्छ दाखवलं. मेयर आणि हेर्थ यांनी तंबाखूच्या उघड्या पेशींना सेल्युलोज बनू न देणारं रसायन दिलं. केंद्रकं विभागत राहिली, पेशी मात्र विभागल्या नाहीत. 1985 मध्ये ट्रान थान व्हान, अल्बरशाइम आणि सहकाऱ्यांनी आणखी पुढचं नोंदवलं: सिकॅमोर या झाडाच्या पेशीभित्तीतून काढलेले शर्करांचे तुकडे माध्यमात घातले की तंबाखूच्या उतीला मुळं फुटणार, कोंब की फुलं, हे बदलतं. तोवर ही दिशा ठरवण्याचा मान ऑक्सिन आणि सायटोकायनिन या संप्रेरकांच्या प्रमाणाला होता. माझ्या मते प्रयोगशाळांनी संप्रेरकांच्या मात्रांवर जितका जीव लावला, तितका भिंतीवर लावला नाही.

ताकेबे, लाबिब आणि मेल्खर्स यांनी 1971 मध्ये तंबाखूच्या एकेका उघड्या पेशीपासून अख्खं झाड केलं. पुढे 1978 मध्ये मेल्खर्सच्या गटाने बटाटा-टोमॅटोच्या पेशी एकत्र करून संकर केला. गाजावाजा प्रचंड झाला. शेतात काही उतरलं नाही. उघड्या पेशींचं तंत्र खरं कामाला आलं ते जनुक-संपादनात. भिंत नसल्यामुळे कात्रीचं काम करणारं प्रथिन थेट पेशीत सोडता येतं, परकं जनुक घालावं लागत नाही. 2015 मध्ये कोरियातल्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसची अशी रोपं वाढवली.

गहू-मक्यासारख्या तृणधान्यांच्या पानातली पेशी मात्र भिंत सहज उतरवू देते आणि पुढे बहुतेकदा विभागतच नाही. तेव्हा ‘एक पेशी द्या, रोप करून देतो’ असं कोणी म्हणालं, तर आधी पीक कोणतं ते विचारा.